पुस्तकाच्या दुकानातील टीकाकार

मराठीत ग्रंथांची निवड करणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. दशक सरले, शतक पालटले किंवा एखाद्या नियतकालिकाने पन्नाशी गाठली, की 'गेल्या अमुक वर्षांतील दहा श्रेष्ठ ग्रंथ' अशी यादी सिद्ध होते. ती प्राध्यापक करतात, संपादक करतात, पारितोषिक समित्यांचे सदस्य करतात. क्वचित स्वतः ग्रंथकारही करतात, आणि अशा वेळी स्वतःचे नाव टाळण्याचा विनय ते बहुधा दाखवितात. एका माणसास मात्र या कामी कोणी बोलावीत नाही. तो म्हणजे पुस्तकाच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा, फळीवरून पुस्तक काढून देणारा, ते कागदात बांधणारा नोकर. कोणते पुस्तक कोणी घेतले, कोणी चाळून परत ठेवले आणि कोणी महिन्याभराने येऊन त्याच लेखकाचे दुसरे मागितले, हे त्याच्याएवढे कोणासच ठाऊक नसते. अलीकडच्या तीस-पस्तीस वर्षांतील पुस्तकांपैकी आपणांस कोणती आवडली, असे त्यास आपण का विचारीत नाही, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

जपानात तो विचारला गेला. २००४ साली तेथील पुस्तकांच्या दुकानांतील नोकरवर्गाने स्वतःचे एक पारितोषिक सुरू केले. 'होन्या ताइशो', म्हणजे पुस्तकांच्या दुकानांचे पारितोषिक, असे त्याचे नाव. मते द्यावयाची ती पुस्तके विकणाऱ्यांनी, आणि कसोटी एकच: कोणते पुस्तक गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे असे आपणांस मनापासून वाटते? पहिल्या वर्षी योको ओगावा यांच्या कादंबरीस ते मिळाले. स्मरणशक्ती ऐंशी मिनिटांपलीकडे टिकत नाही असा एक वृद्ध गणितज्ञ, त्याच्या घरी कामास येणारी बाई आणि तिचा लहान मुलगा यांची ती कथा. तीत भव्य असे काही नाही. पण अनोळखी माणसाच्या हाती निःशंकपणे द्यावी अशी ती खास आहे. पुढे या पारितोषिकाविषयीही तक्रारी निघाल्या. जे आधीच खपते त्यालाच ते मिळते, असे लोक म्हणू लागले. तरीही निवाडा करणाऱ्यांत एक नवी जात दाखल झाली, हे काही लहान नव्हे.

इंग्लंडात वॉटरस्टोन्सच्या दुकानांतून नोकरांनी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या फळ्यांवर लावलेल्या असतात; अमुक पुस्तक मला का आवडले, याच्या चार ओळी. २०११ साली जेम्स डाँट यांच्याकडे या दुकानांचा कारभार आला तेव्हा त्यांनी प्रकाशकांकडून पैसे घेऊन दर्शनी जागा देण्याची रीत बंद केली आणि कोणते पुस्तक पुढे मांडावयाचे हे त्या त्या दुकानातील माणसांवर सोपविले. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जेथे जागा विकली जाते तेथे चिठ्ठीवरील अक्षर कितीही सुवाच्य असले तरी त्यास शिफारस म्हणता येणार नाही.

मराठीत या वाटेवर पाऊल फार पूर्वी पडले होते. गिरगावात मॅजेस्टिक सिनेमाजवळ पुस्तके विकणारे केशवराव कोठावळे यांनी १९६४ च्या जानेवारीत 'ललित' मासिक काढले. केवळ ग्रंथ आणि ग्रंथकार यांना वाहिलेले मासिक एका विक्रेत्याने काढावे, यातच त्याचे वेगळेपण होते. जयवंत दळवी यांनी 'ठणठणपाळ' या नावाने त्यात साहित्यिकांची जी थट्टा केली, आणि वसंत सरवटे यांनी तिला जी चित्रे काढली, तिचा सूर सभागृहातला नव्हता. दुकानाच्या पायरीवर उभे राहून रंगणाऱ्या गप्पांचा होता. 'ललित'ने चोखंदळ वाचकांकडून पुस्तकांची निवड करवून घेण्याचाही प्रघात पाडला. पुढे १९७० नंतरच्या दशकात ग्रंथाली वाचक चळवळ आली. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) किंवा लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) ही पुस्तके टेबलावर मांडणारा कार्यकर्ता एका अर्थी विक्रेताच होता, आणि हे पुस्तक तुम्ही का वाचावे हे त्यास समोरच्या माणसाला तोंडाने सांगावे लागत होते. इतके सारे झाले, तरी दुकानातील माणसाचे मत म्हणून वेगळे मोजण्याची, छापण्याची आणि त्याखाली त्याचे नाव घालण्याची प्रथा काही आपल्याकडे पडली नाही.

ती पडावयास हवी होती असे आम्ही म्हणतो, याचे कारण दुकानातील शिफारस ही टीकेचीच एक शाखा आहे असे आमचे मत आहे. टीकाकार लिहितो तो सर्वांसाठी. त्याचा वाचक त्यास दिसत नाही. पुष्कळदा तो त्यास नकोही असतो. दुकानातील माणसापुढे एकच वाचक उभा असतो, त्याच्या खिशात किती पैसे आहेत याचा अंदाज असतो, आणि मागच्या वेळी त्याने काय नेले होते हे आठवणीत असते. "हे चांगले आहे" एवढे म्हणून त्याचे भागत नाही. "हे तुमच्यासाठी चांगले आहे" असे त्यास म्हणावे लागते. हे दुसरे विधान पहिल्याहून अवघड आहे. ते खोटे ठरले तर गिऱ्हाईक परत येते व तोंडावर सांगते, नाहीतर परत येतच नाही. टीकाकारास असा दंड कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आम्हां सरकारी कचेरीतल्या माणसांस शिफारस या शब्दाचा परिचय दांडगा. पण आमची शिफारस 'करण्यात येते', ती कोणी 'करीत' नाही. कर्ता गाळला की जबाबदारी गळते. दुकानातील माणसास क्रियापदाची ही सवलत नाही.

ज्या शहरात बसून आम्ही हे लिहीत आहोत त्या बंगळूरने असा माणूस पाहिलेला आहे. मुंबईत १९४८ साली स्ट्रँड सिनेमाच्या आवारात टी. एन. शानभाग यांनी पुस्तकांचा स्टॉल घातला आणि पुढे फोर्टमध्ये त्याचे 'स्ट्रँड बुक स्टॉल' झाले. त्यांच्याच नात्यातले टी. एस. शानभाग यांनी १९७१ मध्ये येथे चर्च स्ट्रीटलगत 'प्रीमियर' हे दुकान उघडले. लहानशी जागा, जमिनीपासून वरपर्यंत रचलेल्या पुस्तकांच्या चळती, आणि त्यांतून हवे ते पुस्तक नेमके कोठे आहे हे ठाऊक असलेला एक मितभाषी माणूस, असे त्याचे वर्णन जुने बंगळूरकर करतात. गिऱ्हाइकाची आवड ते लक्षात ठेवीत आणि त्यास रुचेल असे काही आले की त्याच्यापुढे ठेवीत. २००९ साली ते दुकान मिटले, २०१८ मध्ये मुंबईचे स्ट्रँडही मिटले, आणि २०२१ मध्ये प्रीमियरचे शानभाग वारले तेव्हा एका दुकानदारासाठी कितीतरी लेखकांनी लेखणी उचलली. त्यांनी स्वतः टीकालेख लिहिल्याचे आम्हांस माहीत नाही. पण या शहरातील इंग्रजी वाचकांच्या दोन पिढ्यांची अभिरुची घडविण्यात त्यांचा हात होता, हे नाकारता यावयाचे नाही.

तथापि ही सारी इंग्रजी पुस्तकांची कथा झाली. मराठी वाचकाची स्थिती पाहावयाची तर शहराच्या या टोकास, बेळ्ळंदूरला यावे लागेल. या गावाचे नाव बाहेर गेले ते तळ्यामुळे. पाण्यावर फेस चढतो आणि प्रसंगी त्यास आगही लागते, म्हणून. तळ्याच्या आसपास आणि रिंग रोडच्या दोहों बाजूंस उंच इमारती उठल्या आहेत आणि त्यांत पुण्याची, नागपूरची, कोल्हापूरची, अकोल्याची माणसे नोकरीनिमित्त येऊन राहिली आहेत. आमच्यासारखे काही बदलीने आले. येथे मराठी पुस्तक मिळण्याचे मार्ग ठरलेले आहेत: सुटीत गावी जाऊन पिशवी भरून आणणे, टपालाने मागविणे, नाहीतर गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळापर्यंत जाणे, आणि ते अंतर किलोमीटरांत सांगण्यात अर्थ नाही, रिंग रोडवरील तासांत सांगावे. पैकी टपालाचा मार्ग सोपा. पण तेथे शिफारस करतो तो माणूस नव्हे, यंत्र. हे पुस्तक घेणाऱ्यांनी तेही घेतले, असे ते सांगते. त्यामुळे 'मृत्युंजय' मागविणाऱ्यास ते 'छावा' दाखविते, 'छावा' मागविणाऱ्यास 'मृत्युंजय' दाखविते, आणि गाडी त्या वर्तुळाबाहेर जात नाही. १९६२ ची 'स्वामी' आणि १९६७ ची 'मृत्युंजय' यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु कोणीही आले की तीच दोन नावे सांगणे, मग ते यंत्राने सांगो की माणसाने, ही शिफारस नव्हे. ती वाटेला लावण्याची रीत आहे. असे नोकर दुकानांतही पुष्कळ आढळतात, हे येथेच नमूद केले पाहिजे. ज्यावर कमिशन अधिक ते पुढे सरकविणारे असतात, गठ्ठा पडून आहे म्हणून त्यातलेच गळ्यात मारणारे असतात. आमचा टीकाकार तो नव्हे.

आमचा टीकाकार कोण, हे एका उदाहरणाने सांगता येईल. एकाने 'पानिपत' वाचले आहे (विश्वास पाटील यांची ही कादंबरी १९८८ ची) आणि त्यास 'तसेच आणखी काही' हवे आहे. कच्चा नोकर दुसरी एखादी ऐतिहासिक कादंबरी काढील. पक्का नोकर नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' (१९९७) पुढे ठेवील. काळ तोच, मराठ्यांची फौज तीच. पण येथे नजर सेनापतीची नाही. बंगालवरील स्वाऱ्या आणि प्लासी हे सारे एक सामान्य, चतुर, थोडा लबाड चाकरमान्या पाहतो आणि बखरीच्या भाषेत सांगतो. शौर्य शोधावयास आलेल्या वाचकास लुटीचा हिशेब वाचावयास मिळतो आणि तो हसत हसत पुढे जातो. 'पानिपत'वर दहा पाने टीका लिहून जे साधणार नाही ते येथे एका पुस्तकाशेजारी दुसरे ठेवून साधते. याच लेखकाची 'उद्या' ही तर या वस्तीतल्या प्रत्येक घरात पोहोचावयास हवी. माणसाच्या हालचालीची, खरेदीची, बोलण्याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचे जे चित्र तीत आहे, ती यंत्रणा चालविण्याची नोकरी करणारे लोक आमच्या जिन्यातच राहतात. या कादंबरीस साहित्य अकादमीचे पारितोषिक जाहीर झाले आणि २०२१ मध्ये खरे यांनी ते नाकारले. त्या नकाराची चर्चा कादंबरीच्या चर्चेहून अधिक झाली. दुकानातील माणसास अशा वेळी सांगता यावे की बातमी राहू द्या, पुस्तक न्या.

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'चे (२००२) काय होत असेल, याचा आम्ही अनेकदा विचार करतो. विदर्भातील शेतकऱ्याचे घर, शिकून बेकार राहिलेला एकनाथ, कर्ज, दुष्काळ आणि घरातल्या घरात वाढत जाणारी कटुता. अकादमीने २००४ साली तिचा गौरव केला. पण विकणारा ती सुचविताना कचरत असावा. दिवसभर दमून आलेल्या माणसास हे कसे द्यावे? आमचे म्हणणे असे की येथे द्यावयास हरकत नाही. बेळ्ळंदूरच्या अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या कित्येकांच्या वडिलांची शेती अजून गावी आहे, आणि तिच्याविषयी फोनवर जे बोलणे होते ते पाचसात वाक्यांपलीकडे जात नाही. उरलेली वाक्ये या कादंबरीत आहेत.

भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' (२०१०) वाजतगाजत आली, पुष्कळ खपली, आणि ती श्रेष्ठ की भारी यावर अद्याप वाद होतात. ती सर्वांस सुचवू नये असे आम्हांस वाटते; 'कोसला' ज्याने दोनदा वाचली आहे त्यासच सुचवावी. अरुण कोलटकर यांच्या 'भिजकी वही'विषयी (२००३) आम्ही अधिक सावध आहोत. एवढा जाड कवितासंग्रह कोणी सहज नेणार नाही. परंतु कविता वाचीत नाही असे म्हणणाऱ्या एखाद्या प्रौढ स्त्रीपुढे तो मध्येच कोठेतरी उघडून धरावा आणि विकणाऱ्याने दूर जाऊन उभे राहावे. जगाच्या इतिहासात रडणाऱ्या इतक्या स्त्रिया एका पुस्तकात तिने पाहिल्या नसतील. कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) सुचविण्यास कष्ट पडत नाहीत. ती हातोहात फिरते. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'चेही (२००४) तसेच, चित्रपट झाल्यापासून तर अधिकच.

आता ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास' १९९४ साली आले. त्यामागून 'शारदा संगीत', 'पंखा' आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 'झुंबर' अशी लंपनच्या कथांची चार पुस्तके झाली. संत पेशाने भूशास्त्राचे अध्यापक, राहणार कराडचे. पण लंपनचे गाव बेळगावकडचे आहे. आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे वाढणारा हा मुलगा आहे. टीकाकारांनी या कथांचे कौतुक केले ते निरागस बालमनाचे चित्रण म्हणून. ते खरे असले तरी अपुरे आहे. लंपनच्या कानावर दिवसभर कन्नड पडते. त्याच्या भोवतालची मराठी कन्नडच्या वळणाने चालते, तो स्वतः 'मॅड' हा इंग्रजी शब्द वाटेल तेथे वापरतो, आणि या सगळ्यांतून त्याची जी भाषा होते ती अशुद्ध आहे असे कोणी त्यास सांगत नाही. आईपासूनचे दूरपण तो ज्या भाषेत सोसतो ती अशी मिसळलेली आहे, आणि म्हणूनच ती त्याची आहे. पुण्यातल्या वाचकास यात गोडवा दिसतो. आम्हांस त्यात आमची मुले दिसतात.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या वसाहतीच्या मंडपात मराठी पुस्तकांचे एक टेबल मांडले होते. विकावयास बसलेला मुलगा विशीतला, कोठल्याशा प्रदर्शनवाल्यांकडे रोजावर काम करणारा. एका बाईंनी आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी पुस्तक मागितले. मुलगा मराठी समजतो, बोलतो, देवनागरी मात्र अडखळत वाचतो, असे सांगितले. आम्हांस वाटले, हा आता मोठ्या टाइपातली चित्रांची गोष्ट काढणार. त्याने 'वनवास' काढले. "ताई, हे त्याच्या हातात देऊ नका," तो म्हणाला, "रोज रात्री तुम्ही वाचून दाखवा. मध्ये कन्नड आलं की त्याला विचारा, तो तुम्हाला सांगेल." बाई हसल्या आणि पुस्तक घेऊन गेल्या. लंपनविषयी जे काही छापून आलेले आमच्या वाचनात आहे त्यात एवढ्या नेमकेपणाने त्या पुस्तकाचे मर्म सांगितलेले आम्हांस आढळले नाही. आईला जे कळत नाही ते मुलाला कळते, आणि मुलाला जे वाचता येत नाही ते आईला येते, अशी दोघांची सोय करणारे हे पुस्तक आहे, हे त्या मुलास कोणी शिकविले असेल? त्याने ते बहुधा स्वतः वाचले होते, आणि या शहरातल्या मराठी घरांत काय चालते हे टेबलामागे बसून पाहिले होते.

यावरून उमा कुलकर्णी यांच्या कामाची आठवण येते. एस. एल. भैरप्पा यांच्या 'वंशवृक्ष', 'पर्व' या कन्नड कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, आणि मराठी वाचकांनी भैरप्पांना जवळजवळ आपलेच लेखक मानले. ते काम ज्या रीतीने झाले ती रीत सांगण्यासारखी आहे: विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करीत आणि उमाताई तो ऐकून मराठीत लिहीत. म्हणजे लिपीवाचून भाषा पोहोचली आणि उत्तम पोहोचली. भैरप्पा याच राज्यातले. २०२५ साली बंगळुरातच ते निवर्तले. त्यांचे 'पर्व' येथील मराठी माणसाच्या हाती यावयाचे तर ते पुण्याहून टपालाने यावे लागते. टेबलावरच्या त्या मुलाकडे ते होते. पण कोणी मागितले नाही आणि गर्दीत त्याने सुचविलेही नाही. पुढच्या वर्षी सुचवावे, एवढी आमची विनंती.

या मासिकाच्या संपादकांपुढे आम्ही एक सूचना ठेवीत आहोत. पुणे, मुंबई, नागपूर, बेळगाव येथील दुकानांतील नोकरांकडून, आणि आमच्या भागात उत्सवाच्या दिवसांत टेबले मांडणाऱ्यांकडूनही, प्रत्येकी तीन पुस्तकांची नावे मागवावीत. पुस्तक १९९० नंतरचे असावे. श्रेष्ठ का, हे लिहू नये. कोणाच्या हाती द्यावे, हे एका वाक्यात लिहावे. खाली नाव दुकानाचे घालू नये, माणसाचे घालावे. मालकांनी मजकूर तपासू नये. आणि जे पुस्तक आता फळीवर नाही, आवृत्ती संपून पुन्हा निघालेली नाही, तेही बेलाशक सुचवावे. अशी नावे वेगळ्या चौकटीत छापून तो अंक त्या त्या प्रकाशकाकडे पाठवावा. टपालखर्च फार यावयाचा नाही. आला तर आम्ही आणि आमच्या वसाहतीतील दोघे-तिघे तो सोसू.